जांबोटी रस्त्यावरचं घर: निळ्या-पांढऱ्याच्या नोंदी

९ जानेवारी

नाना आणि काकूंचं घर सजवण्याचं काम माझ्याकडे आलंय, जागा पाहून आले. जांबोटीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. जांभ्याच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, वर मंगळुरी कौलं, सोप्यात आणि माजघरात लाल कोबा. मागे पडवी, न्हाणी, विहीर. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, उरलेल्या घरात नाना आणि काकू राहणार. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी मंडळी रात्रीपुरती थांबतील, असा त्यांचा हिशोब आहे.

काकूंनी फोनमध्ये सान्तोरिनी या ग्रीक बेटाचे फोटो जमवलेत. "पांढरं आणि निळं. दुसरा रंग घरात नको." नाना खुर्चीतून म्हणाले, "दवाखान्यागत दिसंल की." दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि काम तिथेच आहे.

सान्तोरिनीला पाऊस नावापुरता. कोरडं, कडक ऊन चुन्याच्या भिंतीवर पडतं म्हणून तो पांढरा तसा झळकतो. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर ऊन शोधावं लागतं आणि माती तांबडी, कौलं तांबडी, कोबा तांबडा. म्हणजे दोन रंगांचं घर इथे होऊच शकत नाही. तिसरा रंग आधीच घरात बसलेला आहे आणि तो कुठे जाणार नाही. काकूंना आज हे सांगितलं नाही. नमुने दाखवून सांगायचं.

१५ जानेवारी

मापं घेतली. दर्शनी भिंतीवर मागच्या कुणी तरी प्लास्टिक इमल्शन मारलंय. तेवढ्याच भिंतीचे पोपडे निघालेत. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वरून प्लास्टिकचा पापुद्रा बसला की आतली ओल बाहेर पडत नाही, मग ती रंगालाच ढकलते. बाकीच्या भिंतींवर जुना चुना आहे, पिवळा पडलेला, काळवंडलेला, पण धरून आहे. तेव्हा भिंतींना चुनाच. इमल्शन खरवडून काढायचं. मेस्त्रींना हे पटवायला लागलं नाही; त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर चुनाच मारला.

चुन्याची कळी आणून भिजत घातली. जितका जास्त मुरेल तितका मऊ होतो.

२३ जानेवारी

आजचा दिवस फक्त पांढऱ्याचा. लोक निळ्याच्या छटा बघण्यात आठवडे घालवतात आणि पांढरा "कुठलाही चालेल" म्हणतात. माझ्या मते उलट करावं. निळा काय दिसणार हे शेजारचा पांढरा ठरवतो.

माजघराच्या भिंतीवर शेजारी शेजारी चौकोन काढले: नुसता चुना, चुन्यात चिमूटभर निळ, दुकानातला तयार झगझगीत पांढरा, आणि एक साईसारखा. तयार रंगातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. ते विसाव्या शतकातलं रंगद्रव्य, झाकण्याची ताकद प्रचंड. मातीच्या गिलाव्यावर तो चौकोन कागद चिकटवल्यासारखा दिसला. चुना ओला असताना जवळजवळ पारदर्शक असतो, वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं तसा पांढरा उमटतो. भिंतीचे उंचसखल भाग त्यातून जाणवत राहतात.

काकूंनी लगेच झगझगीत चौकोनावर बोट ठेवलं. मी त्याच्या खाली लाल कोब्यावर त्यांची धुतलेली पांढरी चादर पसरली. चादरीपुढे सगळेच पांढरे मळकट झाले. कारखान्यात ब्लीच केलेल्या कापडावर चमक देणारं द्रव्य असतं; ते उन्हातले अदृश्य किरण घेऊन निळसर उजेड परत फेकतं. त्याच्याशी भिंतीने स्पर्धा करू नये. मग तीच जागा कोऱ्या, न धुतलेल्या सुताच्या कापडाने झाकली. चुना एकदम स्वच्छ वाटायला लागला.

निर्णय: भिंतींना चुना आणि त्यात अगदी कमी निळ. पिवळेपणा मरण्यापुरती, निळेपणा न दिसण्यापुरती. आपल्याकडे सगळे जण चुन्यात निळ टाकायचे ते यासाठीच. कापडं कोरी.

२ फेब्रुवारी

आता निळा. बेळगावच्या रविवार पेठेतून रंगाच्या पुड्या आणल्या. मेस्त्रींकडे आधीचा एक डबा होता, गडद, सुंदर, किंचित हिरव्याकडे झुकणारा. प्रशियन ब्लू. "ताई, हा मस्त उठतो. खिडक्यांना नेहमी हाच वापरतो." खिडक्यांना तेलात वापरतात, तिथे चालतो. चुन्यात तो टिकत नाही, हे मला माहीत होतं; पण मेस्त्रींच्या डोळ्यांनी दिसलेलं बरं. म्हणून न्हाणीच्या मागच्या भिंतीवर एक चौकोन त्याचा, एक अल्ट्रामरीनचा, एक कोबाल्टचा.

३ फेब्रुवारी

मेस्त्री सकाळी आधी त्याच भिंतीकडे गेले. प्रशियन ब्लूचा चौकोन खाकी झालाय, कडेला थोडा पिवळट. चुना तीव्र अल्कली. त्यात हा रंग फुटतो आणि आतलं लोह गंजासारखं तपकिरी उरतं. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये हे रंगद्रव्य अपघाताने सापडलं, युरोपभर पसरलं, पण ओल्या चुन्यावर चित्रं काढणाऱ्यांना त्याचा कधी उपयोग झाला नाही तो यामुळे.

अल्ट्रामरीन जसाच्या तसा. हा एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडातून काढायचे आणि सोन्याच्या भावाने विकायचे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने बनवता आला: पांढरी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत घालून. तेव्हापासून इतका स्वस्त झाला की धुण्याच्या निळीच्या पुडीत जाऊन बसला. चुन्याला तो घाबरत नाही. आम्लाला घाबरतो. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यामागे हा नको. चिंच, आमसूल, लिंबू उडणारच.

कोबाल्ट दोन्हींना पुरून उरतो, पण भिंतीला मारण्याच्या भावात नाही.

चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर रंगद्रव्य नेलं तर चुना ते धरत नाही, हाताला लागतं. म्हणजे चुन्यात गर्द निळा मागू नये. तो आकाशीच राहणार, आणि मला तोच हवाय.

१६ फेब्रुवारी

ओट्यामागच्या टाइल्सचा प्रश्न घेऊन पणजीला गेले, घाटाने. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये केलेलं आझुलेजोंचं, म्हणजे पोर्तुगीज निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं काम आहे, पोर्तुगीज महाकाव्यातली दृश्यं. जवळ जाऊन फक्त पांढऱ्याकडे पाहत राहिले. तो दुधाळ आहे, पाणी मिसळलेल्या दुधाइतका, आणि निळा त्यात कडेला थोडा विरघळलेला.

परत येताना खानापूर गाठलं. इथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे, कौलांची आणि मडक्यांची परंपरा आहे, माती उत्तम. मग टाइल्स इथल्याच मातीच्या का नकोत? एका कुंभारांशी बोलले. त्यांनी स्वतःच अडचण सांगितली: भाजल्यावर अंग लाल होतं, त्यावर निळा काढला तर काळा दिसतो.

हाच प्रश्न सगळ्यांना पडला होता. चीनमध्ये जिंगडेझेनला पांढरी केओलिन माती होती, म्हणून चौदाव्या शतकात इराणकडून आलेला कोबाल्ट त्यांनी सरळ त्यावर रंगवला आणि वरून काच, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर (ग्लेझ) चढवला. कोबाल्ट १२०० अंशांच्या पुढच्या आगीतही रंग सोडत नाही. त्या आगीत टिकणारे रंग मोजकेच, म्हणून चिनीमातीवर निळ्याचं राज्य झालं. डेल्फ्टच्या आणि पोर्तुगालच्या कारागिरांकडे तशी माती नव्हती. त्यांनी कथील घातलेली अपारदर्शक पांढरी काच चढवून आधी लाल-पिवळं अंग झाकलं, मग निळा काढला. जयपूरवाल्यांनी मातीच सोडली: गारेची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक. ते दिसायला अप्रतिम, पण कमी आचेवर भाजलेलं, ओट्यामागे आदळआपट सोसणार नाही.

ठरलं ते असं: खानापूरची माती, वर पांढऱ्या मातीचा अस्तर-थर, त्यावर कोबाल्टच्या रेघा, वरून पारदर्शक काच. कुंभार काका म्हणाले, थोड्या टाइल्स भाजून बघू, मग बोलू. हे मला आवडलं.

५ मार्च

दारं-खिडक्या. सागाच्या चौकटी, त्यावर जुना हिरवा ऑइलपेंट, थरावर थर. कोरडा सँडपेपर मारायचा नाही असं सुतारांना बजावलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा २०१७ पासून लागू आहे, हे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ओलं करून खरवडायचं, तोंडाला मास्क, खरवड गोळा करून पोत्यात.

काकूंना सगळी दारं निळी हवीत. मी फक्त खिडक्यांची झडपं आणि पुढचं दार म्हणतेय. आतली दारं तेल लावून सागाचीच ठेवायची. नाना माझ्या बाजूने आले, पण कारण वेगळं: "ती लाकडं माझ्या आज्यानं निवडली."

१८ मार्च

शहापूर आणि वडगाव, बेळगावातली विणकरांची वस्ती. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. मला खऱ्या निळीचं कापड हवं होतं; धुण्याची निळ नव्हे, झाडापासूनची. त्याची रंगाई बघण्यासारखी: पिंपातून सूत बाहेर येतं तेव्हा पिवळट हिरवं, आणि हवा लागली की डोळ्यांसमोर निळं. पण निळ सुतात मुरत नाही, वर बसते, म्हणून घासली की सुटते. निळे अभ्रे कोऱ्या चादरीवर ठेवले तर चादरीला डाग, आणि पाहुण्यांच्या चादरी ब्लीचिंगमध्ये जाणार म्हटल्यावर निळ गेलीच.

म्हणून विभागणी केली. झोपायच्या कापडाला कोरं अंग आणि पक्क्या व्हॅट रंगाच्या सुताची निळी किनार. खरी निळ फक्त भिंतीवर टांगायच्या एका कापडात आणि सोप्यातल्या गादीच्या खोळीत, तिथे खाली कोबा आहे. विणकर मावशींनी किनार किती बोटांची हे विचारलं. मी दोन म्हटलं, त्या म्हणाल्या तीन कर, दोन बोटं लांबून दिसत नाहीत. तीन.

तिथेही तेच ऐकलं जे कुंभाराकडे ऐकलं. सूत आधी नीट उकळून, धुऊन घेतलं नाही तर निळा डागाळतो. चुन्यात, मातीत, सुतात, सगळीकडे पांढऱ्याची तयारी हेच खरं काम आणि निळा शेवटच्या दिवसाचा.

२९ मार्च

प्रमाण. साठ-तीस-दहाचा नियम कुणीही सांगतं: मुख्य रंग साठ, दुसरा तीस, तिसरा दहा. इथे तो लावून पाहिला तर कोबा आणि कौलंच तिसाच्या घरात जातात. म्हणून निळ्याला दहा. भिंती पांढऱ्या, जमीन लाल, लाकूड तेलकट तपकिरी, आणि निळा झडपांत, किनारीत, ओट्यामागे. पाहुण्यांच्या एका खोलीत फक्त पलंगामागची भिंत आकाशी.

काकू थोड्या हिरमुसल्या. त्यांना वहीत रंगवून दाखवलं, एकदा तीस टक्के निळा, एकदा दहा. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्यात कोबा चांगला दिसूलाय." एवढंच हवं होतं.

७ एप्रिल

फलक. कर्नाटकात व्यवसायाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, आणि वर हवं; २०२४ च्या दुरुस्तीने ते पक्कं केलंय. खाली मराठी. त्याच्याखाली बारीक इंग्रजी, गोव्याच्या गाड्यांसाठी. एरवी इथे पाटीचा रंग निवडताना माणूस दोनदा विचार करतो, मराठी बाजूचा भगवा की कन्नड झेंड्याचा पिवळा-तांबडा. निळ्या-पांढऱ्याला कुणी काही विचारत नाही, हा नानांना सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

जुन्या घर-क्रमांकाच्या पत्र्यांसारखी पाटी: निळ्यावर पांढरी अक्षरं. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर डोळ्याला जाड भासतं, म्हणून पेंटरांना कुंचला बारीक घ्यायला सांगितला. कन्नड अक्षरांचे गोल वेटोळे भरून येऊ नयेत म्हणून तिथे अंतर जास्त. देवनागरीला शिरोरेषेमुळे वरचा भार येतो, म्हणून दोन ओळींमधली जागा वाढवली. पेंटर कन्नडमध्ये बोलतात, मेस्त्री मराठीत, दोघांचं भांडण चहाच्या पैशावरून झालं, अक्षरांवरून नाही.

२० एप्रिल

चुन्याचे हात सुरू. सकाळी आणि चारनंतर. दुपारच्या उन्हात हात मारला तर चुना नीट बसायच्या आधी वाळतो आणि भुकटी होते. आधी भिंतीवर पाणी, मग पातळ हात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ चार बरे. मेस्त्री डिंक घालतात, घालू देत.

संध्याकाळी वळीव आला. बाहेरचं काम ताडपत्रीखाली.

२६ एप्रिल

टाइल्सचा पहिला घाणा आला. अस्तराचा थर जिथे पातळ होता तिथून लाल डोकावतंय, कडांना विशेष. कुंभार काका त्या बाजूला काढायला लागले, मी थांबवलं. लाल कोब्याशी त्या कडाच जुळतात. सगळ्या घेतल्या. पुढच्या घाण्यात कडा मुद्दाम अशाच ठेवायला सांगितल्या आहेत, ते हसले.

४ मे

दिवे. वायरमनने पांढरा प्रकाश देणारे ६५०० केल्विनचे बल्ब लावून ठेवले होते. रात्री आकाशी भिंत बर्फासारखी गार आणि नाना विजयी: "सांगितलं नव्हतं? दवाखाना." २७०० केल्विनचे लावल्यावर चुना लोण्याकडे झुकला, पण आकाशी राखाडी झाला, पिवळ्या प्रकाशात निळा भाग मुळात कमी, मग भिंत परत काय देणार? ३००० वर थांबलो, आणि रंग नीट दाखवणारे, नव्वदच्या वरच्या सीआरआयचे घेतले. थोडे महाग.

आणखी एक पाहून ठेवलं. दिवे लावायच्या आधी, कातरवेळी, झडपांचा निळा दिवसापेक्षा उजळ दिसतो आणि पुढचं लाल अंगण काळं पडतं. अंधुक उजेडात डोळ्याची संवेदना निळ्याकडे सरकते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे नोंदवलं. फोटो काढायचे असतील तर काकूंनी ही वेळ धरावी.

१६ मे

भिंतीवर लावायला चित्रं विकत घ्यायची नाहीत, इथलीच करायची. कागदावर लोहाचे क्षार लावून वर नेचा, बांबूची पानं, सुकलेली भाताची लोंबी ठेवली, उन्हात धरलं, पाण्यात धुतलं. पांढरी आकृती, निळी जमीन. सायनोटाइप, जॉन हर्शलने १८४२ मध्ये शोधलं, पुढच्याच वर्षी ॲना अ‍ॅटकिन्सने त्यात शेवाळांच्या आकृत्या छापायला सुरुवात केली. नानांची नात दुपारभर यात रमली.

यातला निळा म्हणजे तोच प्रशियन ब्लू, न्हाणीमागे खाकी झालेला. म्हणून फ्रेम चुन्याच्या भिंतीला चिकटून नको, मागे लाकडी पट्ट्या देऊन अंतर ठेवायचं आणि कागदामागे अल्कली घातलेला पुठ्ठा टाळायचा. उन्हात फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो. बेळगावच्या फ्रेमवाल्याला हे समजावताना तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

१० जून

पाऊस लागला. आज मुद्दाम गेले, कारण सगळ्या रेखाटनांपेक्षा पागोळ्या खऱ्या परीक्षक. कौलांवरून पडणारं पाणी अंगणातली तांबडी माती उडवतं, भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शिंतोडे. जुन्या घरांना खाली कावेचा पट्टा असायचा तो शोभेसाठी नव्हे. काकूंना तिथे निळा पट्टा हवा होता. निळ्यावर तांबडा चिखल सुकला की जांभळट घाण दिसते, म्हणून आम्ही एप्रिलमध्येच काव मारून घेतली होती. आज पट्ट्यावर शिंतोडे आहेत की नाहीत हे वाकून बघावं लागलं. पागोळ्यांखाली खडीही टाकायला सांगितलीय.

दर्शनी भिंत, जिथलं इमल्शन काढलं, ती भिजून काळवंडली आहे पण पोपडा नाही. उत्तरेकडच्या भिंतीवर शेवाळ येणार, ते धरूनच चालायचं.

ढगाळ उजेडात आकाशी भिंतीची खोली गारच वाटते. तिथे कोब्यावर वाकळ टाकली, जुन्या लुगड्यांची, लाल-मरून. काकूंनी स्वतः काढून दिली. "दुसरा रंग घरात नको" हे त्या विसरल्या असाव्यात किंवा नसाव्यात, मी विचारलं नाही.

२४ जून

पहिले पाहुणे येऊन गेले. तक्रार एकच, न्हाणीत गरम पाण्याला वेळ लागतो. तो माझा विभाग नाही.

उरलेलं काम: ओट्यामागच्या चार टाइल्स बदलायच्या, घाणा पावसानंतर. झडपांच्या बिजागऱ्यांना गंज, पितळी घ्याव्यात; खर्च नानांना कळवला. बाहेरच्या भिंतींना पुढचा हात दिवाळीनंतर, शेवाळ घासून काढल्यावर. त्यासाठी मेस्त्रींनी चुना आत्ताच भिजत घातलाय, हौदावर पत्रा झाकून.